बांधावरची बाज

एकदा एका म्हाताऱ्या गुरूने आपल्या शिष्याच्या बांधावर बाज टाकली आणि दिवसभर त्याला एकही काम धड करू दिले नाही.

शिष्य पस्तिशीचा होता. शेतकी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून तो या म्हाताऱ्याच्या शेतावर पाच वर्षे राबला, आणि तिथे शिकलेले सगळे आता स्वतःच्या दोन एकरांत करत होता. नांगर नाही, रासायनिक खत नाही. माती पालापाचोळ्याने झाकायची, शेण-गोमूत्र-गुळाचे जीवामृत पिंपात सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचे, आणि शेताच्या चार पट्ट्यांपैकी एक पट्टा दरवर्षी न पेरता विश्रांतीला सोडायचा. जमिनीच्या विश्रांतीचा त्याला फार कळवळा. स्वतः मात्र पहाटे चारला उठे, आणि जेवताना एक पाय पायरीवर ठेवूनच बसे.

म्हातारा मोठा माणूस. ठिकठिकाणी शिबिरे घेई. “माती झोपत नाही, मग शेतकऱ्याने का झोपावे?” असे तो म्हणाला की टाळ्या पडत. टाळ्या वाजवणारे संध्याकाळी आपापल्या गाडीत बसून घरी जात आणि सुखाने झोपत. शिष्याने मात्र ते वाक्य शेडच्या दारावर चुन्याने लिहून ठेवले होते.

घरी बायको आणि सात वर्षांची रेणू. बायको कुरकुरू लागली तेव्हा त्याने त्यावरही उपाय शोधला. फोनवर गजर लावला: सात ते आठ, घर. गजर झाला की तो येई, हातपाय धुऊन मुलीसमोर बसे आणि विचारी, “जेवलीस? अभ्यास? पाढे?”

“जेवले. झाला. झाले.”

मग मान वळवून तो अंधारातल्या शेताकडे बघत राही. आठचा गजर होई, आणि हा पिंपाकडे.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, तेव्हा बायकोने एक कागद त्याच्यापुढे ठेवला. शाळेतून रेणूचा दाखला काढण्याचा अर्ज होता.

“माहेरी जाते. रेणूला तिकडच्याच शाळेत घालते. सोमवारी ऑफिस उघडं आहे, तोवर सही करा.”

“असं काय झालं एकदम?”

“एकदम?” ती हसली, पण ते हसू बघवत नव्हते. “अहो, तुम्ही घरी येता तेव्हा हजेरी घ्यायला मास्तर आल्यासारखं वाटतं. पोरगी उभी राहून उत्तरं देते, बघितलंत कधी?”

त्याने सही केली नाही, कागद फाडलाही नाही. पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि गुरूला फोन लावला. बायकोचे सांगायला? छे. “आबा, विश्रांतीचा पट्टा सुधारत नाही. दोन वर्षं तोच न पेरता ठेवलाय. गांडूळ दिसत नाही. एकदा येऊन बघा.”

शनिवारी संध्याकाळी म्हातारा एसटीने आला. शिष्याने त्याला पट्ट्यावर नेले आणि आच्छादन सहा ठिकाणी उचलून दाखवले. खाली माती कोरडी, गप्प.

“रोज बघतोस?”

“रोज. सकाळी, दुपारी. एक दिवस चुकलेला नाही,” शिष्य अभिमानाने म्हणाला.

म्हाताऱ्याने आच्छादन पुन्हा नीट पसरले. सातला गजर झाला, तेव्हा तो ओसरीवर बसून होता. त्याने तिन्ही प्रश्न ऐकले, तिन्ही उत्तरे ऐकली. जेवण वाढताना बायकोने डब्याखालचा कागद त्याच्यापुढे धरला. “आबा, तुमचा शिष्य आहे. तुम्हीच सांगा सही करायला.” म्हाताऱ्याने तो वाचला आणि परत डब्याखाली सरकवला.

रविवारी सकाळी म्हाताऱ्याने बाभळीखाली बांधावर बाज टाकून घेतली. शिष्य पलीकडच्या पट्ट्यात चवळी काढत होता.

“ए, इकडे ये रे!”

शिष्य हातातला भारा टाकून धावत गेला. म्हाताऱ्याने त्याचा चेहरा न्याहाळला, हात उलटे करून नखे बघितली. “बरा आहेस ना?”

“बरा आहे.”

“जा.”

शिष्य परत जाऊन जेमतेम वाकला असेल, तोच पुन्हा हाक. पुन्हा चेहरा, पुन्हा नखे. “बरा आहेस ना? जा.” असे नऊला झाले, साडेनऊला झाले, मग दर दहा मिनिटांनी होऊ लागले. पाच वर्षांची सवय. गुरूची हाक आली की पाय आपोआप पळत. दुपारपर्यंत चवळी अर्धीही निघाली नव्हती, जीवामृत ढवळायचे राहिले होते, आणि काढलेल्या शेंगा उन्हात माना टाकून पडल्या होत्या. उद्या सोमवार, हे त्याच्या डोक्यात घणासारखे वाजत होते.

विसाव्या की एकविसाव्या हाकेला त्याने विळा जमिनीत रोवला.

“काय थट्टा लावलीय, आबा? काम करू देता की नाही?”

“अडवलं कुठं? मी फक्त तू बरा आहेस का ते बघत होतो.”

“असं दर दहा मिनिटांनी उपटून बघितल्यावर कोण बरा राहील?”

म्हातारा उठून बसला. “लेका, हेच त्या पट्ट्याला विचार. विश्रांती दिलीस म्हणतोस आणि रोज दोनदा त्याचं पांघरूण ओढतोस. ऊन आत जातं, ओल उडते, गांडूळ खोल पळून जातं. आणि घरी? एक तास देतोस, त्यात पोरीचंही पांघरूण ओढून बघतोस, उगवलं का, वाढलं का. जिथं तू निवांत बसत नाहीस तिथं काही वर येणार नाही. मातीत नाही आणि माणसांतही नाही.”

गोष्ट इथे संपायची रीत आहे. शिष्याने पाया पडायचे, म्हाताऱ्याने आशीर्वाद द्यायचा. पण शिष्य पाया पडला नाही.

“वा, आबा! आणि हे मला आज सांगता? शेडच्या दारावरचं वाक्य कुणाचं आहे? पाच वर्षं तुमच्याकडे होतो, एक दिवस सुट्टी दिलीत? शिबिराला पन्नास माणसं यायची, काकू चुलीपाशी उभ्या. त्यांना बसलेलं मी बघितलं नाही. मला बिघडवलंत तुम्ही, आणि आता बाजेवर पडून शहाणपण सांगताय.”

म्हाताऱ्याने बाजेवरून पाय खाली सोडले. बाभळीवर होले घुमत होते.

“खरं आहे,” तो म्हणाला. “माझा मुलगा पुण्यात असतो. दर रविवारी फोन करतो. ‘तब्येत बरी? गोळ्या घेतल्या? पैसे हवेत?’ तीन प्रश्न. मी म्हणतो, ‘बरी. घेतल्या. नकोत.’ मग तो ठेवतो. काल रात्री तुझ्या पोरीची उत्तरं ऐकली आणि मला माझाच आवाज ऐकू आला. माझ्या मुलाला ही हजेरी मीच शिकवली. तुलाही. ते वाक्य चूक होतं रे. टाळ्या पडायच्या म्हणून म्हणत राहिलो.”

शिष्य शेडकडे गेला आणि ढवळायची काठी घेऊन आला. ती त्याने म्हाताऱ्याच्या हातात दिली.

“मग आज तुम्ही ढवळा. चवळीही तुम्हीच उचला. आणि पुढच्या हंगामात या चवळीच्या पट्ट्यात तूर टाकतो. रोजची शेंगांची तोड तरी कमी होईल.”

म्हाताऱ्याने काठी घेतली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठला, पण उठला. “पट्ट्याकडे जाऊ नकोस,” एवढेच म्हणाला.

शिष्य चारला घरी पोचला. त्याला अवेळी आलेला पाहून बायको दचकली. “काय झालं? आबांना काही झालं?”

“काही नाही.” तो भिंतीला टेकून बसला. रेणू सवयीने उभी राहिली आणि म्हणाली, “जेवले.” त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. ती वाट बघून कंटाळली, बसली, उठून बाहेर गेली, परत आली. त्याचे हात शिवशिवत होते. काठीशिवाय, विळ्याशिवाय त्यांचे काय करायचे ते त्याला कळेना. एक तास गेला. दुसरा गेला. त्याच्या आयुष्यातले ते सगळ्यात अवघड काम असावे.

अंधारू लागल्यावर रेणू जवळ सरकली. “बाबा, मोरीमागं गोणपाट पडलंय ना, त्याच्याखाली माझी गांडुळं आहेत. खूप. दाखवू?”

तो अर्धा उठला. मग बसला.

“नको, झाकलेलं असू दे. तू सांग.”

ती सांगू लागली. सांगून भागेना, तेव्हा तिने डब्याखालचा कागद ओढला आणि तो उलटून मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने गांडुळे काढायला बसली. मोठी, छोटी, एक मिशीवाले. बायकोने दारातून पाहिले. कागद कुठला आहे ते तिला दिसले होते. तिने तो काढून घेतला नाही.

सातला फोन वाजू लागला. रेणूने मान वर न करता सांगितले, “बाबा, तुमची घरी यायची वेळ झाली.”

बायकोला हसू आवरेना. तिने पुढे होऊन गजर बंद केला आणि म्हणाली, “आबांना जेवायला हाक मारा. म्हातारा माणूस, किती राबवाल?”

ज्यांनी दुसऱ्यांना राबायला शिकवले, त्यांनी थांबायला शिकवताना आधी त्यांच्या हातची काठी आपल्या हातात घ्यावी.