चांगुणामावशीची निवडणूक

सरपोतदारसाहेबांची व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी होती, आणि कंपनीत अक्कल फक्त आपल्यालाच आहे अशी त्यांची पक्की समजूत होती.

नव्या मारामारीच्या गेममध्ये मुख्य पात्र कोणतं ठेवावं, यावर कंपनीने चाहत्यांची मतं मागवली. साहेबांचा लाडका राजकुमार वज्रसेन सपाटून आपटला. निवडून आली कंपनीतल्या चित्रकार केतकीने रंगवलेली चांगुणामावशी, टोपलीतले बोंबील फेकून मारणारी कोळीण.

साहेब भडकले. "मतं कसली, टवाळकी आहे ही. घरबसल्या बटण दाबायला कुणाचं काय जातं? जिंकायची वेळ आली की जो तो वज्रसेनच घेणार. या मावशीला आजच्या आज काढून टाका."

"काढते, सर," केतकी म्हणाली. "फक्त त्याआधी सगळ्यांसमोर माझ्याशी एक डाव खेळा. तुम्ही जिंकलात तर मावशी गेली. मी जिंकले तर राहिली."

साहेब खूश झाले. रोज डबा खाऊन झाला की केबिनचं दार लावून ते हाच अर्धामुर्धा गेम खेळत बसायचे, आणि हे साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं.

"आधी तुम्ही निवडा, सर."

साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि सवयीने चांगुणामावशीला निवडलं.

खोलीत खसखस पिकली. केतकीने कंट्रोलर खाली ठेवला.

"अहो, खेळा की," साहेब म्हणाले.

"आता कशाला, सर? जिंकायची वेळ आली की माणूस कुणाला घेतो, तेवढंच बघायचं होतं. मावशीला अजून एक मत पडलं."