अस्सल अंगठा

“एक तरी चूक सापडली का, बाबा? एक तरी?”

हेरंब सातभाईंनी लॅपटॉप मिटला आणि उदासबाबांकडे असं पाहिलं, जणू परीक्षा बाबांचीच होती.

आम्ही तिघं मठाच्या स्वयंपाकघरात होतो. बाबा, सातभाई आणि मी दगडू. वीस वर्षं झाली, इथली चूल मी सांभाळतो. भर दुपारी खिडकीला घोंगडी लावून अडीच तास तो सिनेमा बघितला, माझे डोळे नुसते चुरचुरत होते.

सातभाई इतिहासाचे प्राध्यापक. जुन्या काळावरचा सिनेमा आला की त्यातल्या चुका काढायच्या, हा त्यांचा छंद. कुठल्याशा पेशवाईच्या सिनेमात विहिरीमागे प्लॅस्टिकची बादली दिसली, तर यांनी पेपरात दोन कॉलम ठोकले! दिग्दर्शक त्यांना टरकून असतात म्हणे. माणूस वाईट नाही. दर महिन्याला येतो, बाबांचे पाय धरतो. पण नाकावर माशी बसू देत नाही.

या सिनेमात मात्र सल्लागार ते स्वतःच होते. साठ वर्षांपूर्वी खैरीपेठ गावात पाटलाचा खून झाला आणि भिका लोहार फासावर गेला, त्याची गोष्ट.

“बोला ना, बाबा.”

बाबांनी घोंगडी काढली. चुलीवर चहाचं पातेलं चढवलं. आल्यागेल्याला बाबा स्वतःच्या हातानं चहा करून देतात, स्वतः मात्र थेंब घेत नाहीत. सातभाईंनी यावरही एकदा लेख लिहिला होता, जिव्हेवरच्या संयमाबद्दल.

“कंदील चांगला होता,” बाबा म्हणाले.

“तीन बाजार पालथे घातले त्या कंदिलासाठी! आणि पोलिसांच्या हाफ पँटी? बिडीच्या बंडलावरचा कागद? सगळं एकोणीसशे एकोणसाठ सालचं.”

“सुरी?”

“सुरी तर पंचनाम्याबरहुकूम. बाभळीची मूठ, वीतभर पातं. भिकाच्या चालू भट्टीत, राखेखाली सापडली. अगदी तशीच दाखवलीय.”

“भट्टी चालू होती?”

“हो. धगधगती.”

“मग मूठ जळली कशी नाही?”

सातभाई लॅपटॉपच्या झाकणावर बोटं वाजवायला लागले.

मला हसू आलं, मी ते तांदळाच्या सुपात लपवलं. अहो, साधी गोष्ट. लोहार लाकडी मुठीची सुरी इंगळात कशाला पुरेल? चुलीपाशी बसणाऱ्या कुणालाही कळेल.

“पंचनाम्यात तसंच आहे, बाबा,” सातभाई म्हणाले.

“हं.”

“कोर्टानं मानलाय तो पंचनामा. दोन पंचांसमोर सुरी काढलीय. त्यापुढे आपण काय बोलणार?”

“हं...”

बाबांचं ते ‘हं’ मला ठाऊक आहे. ते ऐकलं की मी आपला गप्प बसतो. सातभाई गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत.

“आणि आता तर हा प्रश्न कोर्टातच निकालात निघेल. उद्या अकरा वाजता सुनावणी आहे. भिकाची मुलगी उठलीय, सिनेमा थांबवा म्हणून.”

बाबांच्या हातातली पळी थांबली.

“मुलगी?”

“कौतिकबाई नाव. म्हणते, खून झाला त्या दिवशी मी तान्ही होते, तापानं फणफणले होते. बाप मला मांडीवर घेऊन घरात बसला होता. बापाच्या हातात सुरी दाखवू नका.”

“जिवंत आहे ती...”

“आहे. साठी उलटलीय. पण पुरावा काय, तर आई सांगायची! आई सांगायची, हा काय पुरावा झाला, बाबा? कागदात तर भिकाला मुलगी असल्याचाच उल्लेख नाही. म्हणून सिनेमातही ठेवली नाही आम्ही.”

बाबा चुलीकडे वळले. चुलीत एक काटकी सारली, आणि लगेच दुसरी सारली. एवढ्याशा चहाला एवढा जाळ कशाला, असं माझ्या ओठावर आलं होतं.

“माझं पत्र कोर्टात लागलं की विषय संपला,” सातभाई म्हणाले. “चित्रपट अस्सल कागदपत्रांवर बेतलेला आहे, एवढं एक वाक्य. माझ्या शब्दाला मान आहे तिथे.”

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

“आशीर्वादाला. आणि... खरं सांगू? तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही त्या काळातले. तुम्ही ‘अस्सल’ म्हणालात की भरून पावलो.”

“एक चूक आहे, हेरंबा.”

सातभाई सरळ झाले. “कुठली?”

“तो दुसरा पंच. अंगठा देणारा.”

“रावजी धोंडू? शक्यच नाही! बाबा, त्या अंगठ्यात तर मी जीव ओतलाय.” त्यांनी पिशवीतून फाइल ओढली, एक कागद काढून आमच्यापुढे नाचवला. “हा बघा, मूळ पंचनाम्यावरचा ठसा, मोठा करून घेतलेला. ही मधोमध तिरपी चीर दिसतेय? कोयता लागला असेल कधीतरी. नटाच्या अंगठ्यावर तश्शीच चीर काढायला लावली मी. रंगवणारी बाई वैतागली. म्हटलं, वैतागा, पण चीर हवी. याला म्हणतात अस्सल!”

“ठसा बरोबर आहे.”

“मग?”

“सिनेमात तो भट्टीपाशी उभा आहे. वाकून बघतोय. सुरी निघते तेव्हा दचकतो.”

“हो. पंचनाम्यात...”

“तो तिथे नव्हता.”

“कुठे होता मग?”

“चावडीत. भिंतीला टेकून.”

सातभाई हसले. मला ते हसणं आवडलं नाही. लहान मुलाला समजवावं तसं ते म्हणाले, “बाबा, हा रावजी धोंडू भिकाला फाशी झाली त्याच दिवशी गावातून परागंदा झाला. पुढे त्याचा पत्ता नाही. मेलाही असेल. तो कुठे होता, हे आता कोण सांगणार? मी पुराव्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. माफ करा... तुमचंही नाही.”

“बरं आहे,” बाबा म्हणाले. “ऐकूच नये.”

त्यांनी चुलीवरचं पातेलं फडक्यानं धरून खाली घेतलं. जरा कलतं केलं. बुडाला काजळी साचली होती, मी कितीही घासली तरी साचतेच ती. बाबांनी त्या काजळीवर उजवा अंगठा फिरवला.

“बाबा, भाजेल!” मी ओरडलो.

त्यांनी ऐकलं नाही. सातभाईंच्या फाइलमधून एक कोरा कागद ओढला, जमिनीवर ठेवला, आणि अंगठा दाबला. मग कागद सातभाईंकडे सरकवून पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं.

काळा ठसा. मधोमध तिरपी चीर.

सातभाईंनी एका हातात तो कागद घेतला, दुसऱ्या हातात पंचनाम्यावरचा. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. पुन्हा इकडे. मग दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले.

“नाही,” ते म्हणाले. “नाही, नाही... बाबा, हे...”

खोटं कशाला सांगू, मला त्या घटकेला भिका लोहार आठवलाच नाही. मला माझं कपाळ आठवलं. वीस वर्षं रोज सकाळी त्याच अंगठ्यानं बाबा मला अंगारा लावतात. ती चीर मी रोज बघतो. संन्याशाला मागचं गाव आणि मागचं नाव विचारू नये, असा आमच्यात दंडक. मी कधी विचारलं नाही. कुणीच नाही.

सूप माझ्या हातातून निसटलं. तांदूळ सांडले, ते भरायचंही मला सुचेना.

“रावजी धोंडू...” सातभाई पुटपुटले.

“होतो.”

“तुम्ही... तुम्ही भट्टी पाहिली नाहीत?”

“लांबूनसुद्धा नाही.”

“मग अंगठा?”

“हवालदारानं चावडीत बोलावलं. म्हणाला, अंगठा दे. कागद कोरा होता. मी म्हटलं, यावर लिहिणार काय? तो म्हणाला, लिहू सावकाश, तू चहा पी.” बाबा थांबले. “कपबशीत दिला. मी गडीमाणूस, मला कपबशीत कुणी कधी दिला नव्हता. बाकी सगळे करवंटीत ओतायचे. मला बरं वाटलं, रे.”

“आणि कोर्टात?”

“विचारलं, हा अंगठा तुझाच का? म्हटलं, माझाच. त्यात खोटं काय होतं? अंगठा अस्सल होता. मग पुढचं वाचून दाखवलं... मी मान हलवली.”

“एक माणूस फासावर गेला, बाबा!” सातभाई जवळजवळ किंचाळले. बाबांशी इतक्या मोठ्यानं बोललेलं मी कुणाला ऐकलं नव्हतं.

“गेला.”

“साठ वर्षं! एकदाही बोलला नाहीत!”

“भ्यालो. आधी हवालदाराला भ्यालो. मग लोक पाया पडायला लागले, तेव्हा लोकांना भ्यालो.”

हे सांगताना बाबांनी खाली पाहिलं नाही. बघवत नव्हतं ते मलाच. मनात आलं, उठावं आणि निघून जावं. आणि मनात आलं, म्हाताऱ्याचा भाजलेला अंगठा पाण्यात धरावा. मी दोन्ही केलं नाही. बसून राहिलो.

“दगडू.”

“जी, बाबा.”

“माझी काठी काढून ठेव. सकाळची पहिली एसटी धरायची. अकराच्या आत त्या पोरीसमोर उभं राहायचंय.”

पोरगी म्हणे! साठी उलटलेली बाई. पण बाबांच्या हिशेबी ती अजून बापाच्या मांडीवरच असणार.

मला वाटलं, आता सातभाई पाय धरतील. रडतील तरी, नाहीतर उठून तरी जातील. पण ते जागचे हलले नाहीत. खिशातून फोन काढला, एक नंबर लावला, कानाला धरला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पलीकडे कुणी उचललाच नाही.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“ते पत्र, बाबा...”

“लिहिलंस?”

“नाही.”

“मग लिहू नकोस. झालं.”

“मी लिहिलं नाहीये... पण सही दिलीय.” सातभाईंचा आवाज इतका बारीक झाला की मी पुढे सरकलो. “माझं नाव छापलेल्या कोऱ्या कागदावर. परवा सिनेमावाल्यांच्या ऑफिसात. मला घाई होती. म्हटलं, मजकूर तुम्हीच टाका... सगळे असंच देतात, बाबा. सगळेच...”

त्यांनी पुन्हा तोच नंबर लावला.

चुलीवर चहा उतू गेला. चर्र आवाज झाला, धूर झाला. कुणी उठलं नाही.

बाबा आपला अंगठा धोतराला पुसत होते. काजळी निघत नव्हती. बराच वेळ ते पुसत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि सातभाईंकडे पाहिलं... इतक्या मायेनं, की मला भीती वाटली.

“हेरंबा,” ते म्हणाले, “चहा कपबशीत दिला होता का रे त्यांनी?”