सगुणेच्या परसातला मोगरा

सावळेगावच्या नृसिंहाच्या देवळात श्रीउमानंद महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकीकत. महाराज देवळाच्या ओवरीत राहत, कोणी दिलेली भाकरी आनंदाने खात आणि आल्यागेल्याशी हसून बोलत. त्यांच्यापाशी रडत आलेला माणूस हसत परत जाई, असा त्यांचा लौकिक होता.

त्याच गावात सगुणा नावाची एक कोष्टीण होती. नवरा वारलेला, पदरी मूलबाळ नाही. दिवसभर मागावर लुगडी विणावीत आणि महाराजांच्या पायांशी डोकं टेकवावं, एवढाच तिचा संसार. तिच्या घरामागच्या चिमुकल्या परसात मोगऱ्याची चार झाडं होती. तिने ती लेकरांसारखी जपली होती. भाजी धुतलेलं पाणी मोगऱ्याला, हात धुतलेलं पाणी मोगऱ्याला. थेंब म्हणून वाया जायचा नाही.

त्या वर्षी भर वैशाखात झाडं कळ्यांनी नुसती लगडली होती. सगुणा भीत भीत महाराजांना म्हणाली, "महाराज, यंदा नृसिंहजयंतीला देवाचा हार माझ्या मोगऱ्याचा करावा, असं फार मनात आहे."

"अगं, मग कर की!" महाराज म्हणाले. "देव वाटच पाहतोय. यंदाचा हार तुझाच."

हे ऐकून शेजारी बसलेले रंगोपंत खो खो हसले. पंत गावचे इनामदार. त्यांची नदीकाठी मोठी बाग होती आणि दरसाल उत्सवाची फुलं तिथूनच येत.

"महाराज, देवाची मूर्ती पुरुषभर उंच," पंत म्हणाले, "आणि हिची झाडं गुडघ्याएवढी! हार व्हायचा की मनगटातला गजरा?"

लोक हसले. सगुणा खाली मान घालून घरी गेली.

जयंतीच्या दिवशी दुपारी ऊन रणरणत होतं. विहिरी आटल्या होत्या. नदीच्या वाळूत खड्डा करून बायका वाटी-वाटीने पाणी भरत. सगुणेने पहाटेपासून खपून दोन घागरी भरल्या होत्या. ऊन उतरलं की त्या झाडांना घालायच्या, म्हणजे संध्याकाळी कळ्या टपोऱ्या उमलतील, असा तिचा बेत होता. एवढ्यात शेजारून किंकाळी आली.

"धावा गं! माझं लेकरू आत आहे!"

कुंपणापलीकडे बायजा कुंभारणीचं छप्पर पेटलं होतं. सगुणेने क्षणभरही विचार केला नाही. एक घागर तिने दारावरच्या जाळावर ओतली, दुसरी स्वतःच्या अंगावर घेतली आणि ओलेत्याने आत शिरून पाळण्यातलं तान्हं पोर उचलून आणलं. तोवर गावकरी धावले. त्यांनी माती टाकून आग विझवली. पोराच्या केसालाही धक्का लागला नव्हता. बायजा सगुणेच्या गळ्यात पडून रडली.

पण सगुणा परसात आली आणि मटकन खालीच बसली. आगीची झळ कुंपण ओलांडून आली होती. मोगऱ्याची पानं करपली होती, कळ्या काळ्या पडून गळाल्या होत्या. हाताशी एक थेंब पाणी नव्हतं आणि सूर्य पश्चिमेला कलला होता.

बातमी देवळात पोचली. पंत महाराजांना म्हणाले, "झालं! माझ्या माळ्याला फुलं आणायला सांगू ना आता?"

"थांबा पंत," महाराज उठत म्हणाले. "चला, आधी सगुणेकडे जाऊन येऊ."

सारा गाव मागे निघाला. परसातल्या त्या काटक्या पाहून पंतांना हसू आवरेना. ते म्हणाले, "यांना एक कळी जरी आली, तर मी स्वतःच्या हातांनी ती खुडीन!"

सगुणा महाराजांच्या पायांवर कोसळली. "महाराज, देवासाठी राखलेलं पाणी मी वापरून टाकलं. माझ्या हातून चूक झाली."

महाराजांचे डोळे भरून आले. "चूक? बाळ, ज्या देवाचा आज उत्सव आहे, तो लेकराच्या हाकेला खांबातून धावून आला. तूही आज लेकरासाठी आगीत धावलीस. याहून मोठी पूजा ती कोणती? ऊठ!"

एवढं बोलून महाराजांनी कमंडलूतलं उरलेलं घोटभर पाणी झाडांच्या बुंध्याशी शिंपडलं आणि डोळे मिटून "नरहरी, नरहरी" म्हणू लागले.

सूर्य टेकला. आणि काय सांगावं! करपलेल्या काडीच्या टोकाशी एक पांढरा ठिपका दिसला. मग दुसरा. मग पानोपानी, पेरोपेरी कळ्या फुटल्या आणि पाहता पाहता उमलल्या. सुगंध असा दरवळला की देवळात थांबलेला पुजारीही धावत आला.

"पंत," महाराज गमतीने म्हणाले, "शब्द दिलात ना? खुडा!"

पंत वाकून खुडू लागले. टोपली भरली, सूप भरलं, बायजाने पदर पसरला तोही भरला. तरी जिथलं फूल खुडावं तिथे दुसरं हसत उभं! पंतांचा अंगरखा घामाने भिजला.

"महाराज, माझी कंबर मोडली," ते कळवळून म्हणाले, "पण हे झाड काही सरत नाही!"

सारे हसले आणि पंतही हसले. पण हसता हसताच त्यांची नजर हातातल्या फुलांवर गेली. इतकी वर्षं देवाला फुलं वाहिली, पण ती माझ्या बागेची म्हणून वाहिली, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. त्यांनी पागोटं काढून महाराजांच्या चरणांवर ठेवलं.

"माझ्या पायांशी क्षमा काय मागता?" महाराज म्हणाले. "जिला हसलात, ती तिथे उभी आहे."

पंत सगुणेकडे वळले. ती संकोचून मागे सरली, "अहो पंत, हे काय! तुम्ही मोठे..."

"मोठी तू आहेस, माय," असं म्हणत इनामदार रंगोपंतांनी साऱ्या गावासमोर त्या कोष्टिणीपुढे मातीत मस्तक टेकवलं. आणि महाराजांनी मोठ्या आनंदाने नृसिंहाचा जयजयकार केला!