बाळनाथने बंद केलेला तारा

बोरवाडीत बाळनाथ नावाचा एक तरुण होता, भोळा म्हणजे अगदीच भोळा. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा, पण पुढच्या कामाला.

गावाबाहेरच्या माळावर रेडिओ दुर्बीण होती. तिच्या मोठमोठ्या तबकड्या ताऱ्यांचे संकेत पकडायच्या. तिथे निरीक्षण शिकवायचं शिबिर लागलं, तेव्हा बाळनाथने नाव दिलं. वडील म्हणाले, "जमलं तर तिथंच चिकट. नाहीतर म्हशी आहेतच."

बाळनाथला म्हशी नको होत्या.

पहिल्या दिवशी तो मोबाईल वाजवतच आला. दुर्बिणीच्या यंत्राच्या पडद्यावर नुसता गोंधळ उडाला. शिकवणाऱ्या सोहनी मॅडम ओरडल्या, "अरे, दुर्बिणीला तुझा फोन ताऱ्यापेक्षा मोठा ऐकू येतो! पत्र्याच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावायचं."

"पुढच्या वेळी तसंच करतो, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सूर्याचे संकेत पकडायला त्याला छोटा अँटेना दिला. बाळनाथने तो डब्यात घातला, झाकण लावलं, वर दगड ठेवला. सूर्याचा पत्ताच नाही.

"बाळनाथ, उघड्यावर ठेवायचं! तोंड सूर्याकडे. सूर्य सरकेल तसं फिरवायचं."

"पुढच्या वेळी तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी पुण्याहून एक म्हातारे सर आले. मॅडम म्हणाल्या, "मी येईपर्यंत यांना नीट बसव."

बाळनाथने खुर्ची अंगणात मांडली. थोड्या थोड्या वेळाने तो ती सरांसकट फिरवायचा.

"अरे, हे काय चाललंय?"

"सूर्य सरकला, सर. तोंड वर करा."

मॅडम आल्या तेव्हा सर लालबुंद झाले होते.

"कुणी तापलंय असं दिसलं की डोक्यावर ओला टॉवेल ठेवावा, एवढंही कळत नाही?"

"पुढच्या वेळी ठेवतो."

चौथ्या दिवशी यंत्र तापलं. बाळनाथने ओला टॉवेल ठेवला. आतून टकटक आली, मग ठिणगी उडाली.

"यंत्रातून टकटक आली की विचार करू नकोस," मॅडम म्हणाल्या. "आधी मेन स्विच बंद कर!"

कसंबसं यंत्र दुरुस्त झालं. शेवटच्या दिवशी एका दूरच्या ताऱ्याचा संकेत ऐकायला सगळं गाव जमलं. मोठी दुर्बीण शिबिराला तेवढ्या वेळापुरतीच मिळाली होती. मॅडम म्हणाल्या, "बाळनाथ, यंत्राशी तू बस. हा तारा नीट पकडलास तर तुला इथंच ठेवून घेते."

वडील पहिल्या रांगेत बसले. सगळे यंत्राकडे कान लावून बसले. आणि आवाज आला.

टक. टक. टक.

"आला!" मॅडम आनंदाने ओरडल्या.

बाळनाथ टुणकन उठला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले. पंखे थांबले. माळावरच्या तबकड्या होत्या तिथेच अडकल्या.

"अरे, तो तारा होता!"

"कोणी का असेना, मॅडम," बाळनाथ छाती फुगवून म्हणाला, "मी बंद केला."

अंधारात वडील उठले. "चल. म्हशी वाट बघतायत."