पांगाऱ्याची फांदी

एका डोंगराच्या उतारावर, ओढ्याच्या काठी, एक खार राहत असे. तिच्या शेजारचा पांगारा हा त्या भागातला एकुलता एक. एका वादळात तो मुळासकट उन्मळला आणि ओढ्यातून वाहून गेला. खडकात अडकलेली एक फांदी तेवढी मागे राहिली. पांगाऱ्याच्या फुलांतल्या मधावर जगणारा शिंजीर पक्षी रडकुंडीला आला. खार म्हणाली, "रडू नकोस. फांदी अजून हिरवी आहे. आपण ती लावू."

तिने काठच्या काळ्या मातीत फांदी रोवली. ओढ्यातल्या पाणमांजराला फांदीचा फार लळा लागला. ते दिवसातून कितीदा तरी पाण्यातून वर येई आणि अंगाचे पाणी फांदीवर झटकून जाई. फांदीला पालवी फुटली. सगळ्यांना कोण आनंद झाला! पण थोड्याच दिवसांत पाने पिवळी पडून मान टाकू लागली. पाणमांजर घाबरले आणि दुप्पट पाणी घालू लागले. पाने आणखीच गळाली.

तेव्हा खारीने फांदी उपटून हुंगली. बुडाला कुजका वास येत होता, आणि मूळ एकही नव्हते. तिने लगेच काळा पडलेला भाग कुरतडायला सुरुवात केली.

"अगं खारूताई, थांब!" शिंजीर ओरडला. "एवढीशी उरली आहे, तीही संपवतेस का?"

"कुजके ठेवले तर सगळीच जाईल," खार म्हणाली. फांदीचे काटे तिच्या ओठांत रुतत होते. एक तुकडा पडला, तरी आत काळे. दुसरा पडला, तरी मधोमध काळा ठिपका. शिंजिराने डोळे मिटून घेतले. पण खारीने दात आवरले नाहीत. अखेर आत स्वच्छ पांढरे लाकूड दिसले. हाती राहिला वीतभर तुकडा. तो तिने सावलीत सुकत ठेवला आणि जखम वाळल्यावर उंचावरच्या भुरभुरीत वाळूत लावला.

पाणमांजर धावत आले. "तहानेने मरेल गं ती!"

"दादा, तुमची माया मला कळते," खार वाट अडवून म्हणाली, "पण पाण्यानेच ती कुजली. वाळू पुरती सुकली, की मीच तुम्हाला हाक मारीन."

पाणमांजर रुसून गेले. शिंजीरही येईनासा झाला. खार मात्र रोज वाळूत पंजा खुपसून ओल पाहत राहिली. वाळू सुकली की ती हाक मारी, आणि पाणमांजर गाल फुगवून का होईना, येऊन चार थेंब शिंपडून जाई.

एके सकाळी वाळलेल्या सालीतून हिरवा कोंब डोकावला. आधीची फजिती खार विसरली नव्हती. तिने तुकडा दातांत धरून हलकेच ओढला. तो हलला नाही. आणखी जरा ओढला. वाळूने त्याला घट्ट धरून ठेवले होते.

"दादा, या लवकर!" खार ओरडली. "मुळे धरली!"

तात्पर्य : जीव लावणे पुरेसे नाही, वाचवायचे असेल, तर कुजलेले कापण्याचे आणि मायेचा हातही आवरण्याचे धैर्य लागते.