निळी डबी

"पण धरून ठेवणं म्हणजे बंधनच ना, बुवा?" शाल्मलीने विचारलं.

भानुबुवा मठाच्या ओट्यावर गवार निवडत बसले होते.

शाल्मली साताऱ्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. वादात कुणाला हार जायची नाही. आई गेल्यापासून दर रविवारी मठात येत होती, आणि आज दीक्षा मागायलाच आली होती.

"मला आता कशाचीच ओढ उरली नाही," ती म्हणाली. "आई गेली तेव्हाही मी रडले नाही."

"बरं. मग बोलताना तोंडावर हात कशाला धरतेस?"

हात खाली आला. पुढचे दोन दात एकमेकांवर चढले होते.

"शाळेत असताना तारा लावून सरळ केले होते. तारा निघाल्या, तरी रोज झोपताना प्लेट घालावी लागते. नाहीतर दात हळूहळू जुन्या जागी सरकतात. होस्टेलवर आई रोज फोन करून विचारायची, प्लेट घातलीस का... एकदा मी चिडले. म्हटलं, मी काय कुकुलं बाळ आहे? पुन्हा विचारू नकोस."

"मग?"

"पुन्हा नाही विचारलं तिनं."

"आणि तू?"

"मीही घातली नाही..."

बुवा शेंगा मोडत राहिले.

"माझे तर सगळेच सोडून गेले," ते बोळकं पसरून म्हणाले. "तुझे डॉक्टर काय म्हणतात?"

"नवी प्लेट दिलीय. म्हणाले, सरकले तेवढे सरकले, आता निदान इथंच धरून ठेवू." तिनं पिशवीतून निळी डबी काढली. "अजून एकदाही घातली नाही."

"का गं?"

तिनं डबी उघडली, पुन्हा मिटली.

"घातली, तर सांगू कुणाला?"

आणि तिला रडू फुटलं. इतके महिने अडवून ठेवलेलं ते रडं ऐकवत नव्हतं. बुवांनी तिला गप्प केलं नाही. गवारीची पाटी तेवढी तिच्यापुढे सरकवली. रडत रडत ती शेंगा निवडू लागली.

त्या दिवशी ती मठातच राहिली. जेवणं झाली. ताटं घासून ती ओट्यावर आली, तेव्हा बुवा घोंगडी झटकत होते.

"बुवा, माझ्या दीक्षेचं काय?"

बुवांनी घोंगडी अंथरली. तिच्याकडे पाहिलं...

"प्लेट घातलीस का?"