लोखंडाचा रंग

डोंगरांच्या पोटात एक लहानसं राज्य होतं. तिथे दुपार कलेपर्यंत धुकं उठत नसे, म्हणून तिथली माणसं हळू चालत आणि हळू बोलत. त्या राज्यात हंसा नावाची एक चितारीण राहायची. ती लाकडी खेळणी रंगवायची. तिने रंगवलेला पोपट खिडकीत ठेवला, तर खरे पोपट येऊन त्याच्या शेजारी बसतात, असं लोक सांगत.

एक दिवस राजाने तिला महालात बोलावलं.

महालात एका मोठ्या चौरंगावर वाळू पसरलेली होती. वाळूचे डोंगर, निळ्या रेशमाची नदी, आणि नदीपलीकडे शेवाळाचं हिरवंगार खोरं. ते खोरं शेजारच्या राजाचं होतं. तिथल्या कुरणावरून दोन्हीकडच्या गुराख्यांची नेहमी भांडणं व्हायची. चौरंगाजवळ एका परडीत अंगठ्याएवढे लाकडी शिपाई होते. नुसते कोरलेले, अजून रंग न लागलेले.

"हंसाबाई," राजा म्हणाला, "दसऱ्याला आपण नदी ओलांडून हे खोरं घेणार आहोत. त्याआधी सगळी लढाई मला या वाळूवर खेळून बघायची आहे. शिपायांची चिलखतं अशी रंगवा, की आत लाकूड आहे हे सांगूनही कुणाला पटू नये. दरबाराला ती बघून स्फुरण चढलं पाहिजे."

हंसाच्या आळीतली कितीतरी माणसं सैन्यात होती. पण राजाची आज्ञा होती. ती परडी घेऊन घरी आली.

तिने कथील कुटून त्याची पिठासारखी पूड केली आणि डिंकाच्या पाण्यात कालवली. शिपायांना आधी खडूचा पांढरा हात दिला, त्यावर हा रंग लावला, आणि वाळल्यावर अकिकाच्या गुळगुळीत दगडाने घोटला. शिपाई लखलखू लागले. हंसा स्वतःवरच खूश झाली.

ती ते महालात घेऊन गेली. राजाने मात्र एक शिपाई उचलला, उलटसुलट करून बघितला आणि खाली ठेवला.

"हा तर बर्फीवरचा वर्ख झाला," तो म्हणाला. "यात लोखंड कुठं आहे?"

हंसा खाली बघत म्हणाली, "खरं आहे, महाराज. मी लोखंड कधी नीट बघितलंच नाही. थोडे दिवस द्या."

ती शस्त्रागारात गेली. तिथली चिलखतं कोरी होती, तेल लावून ठेवलेली. ती बघून तिला काहीच उमगेना. पहारेकरी म्हणाला, "बाई, वापरातली चिलखतं बघायची असतील तर गावात जा. ती ज्याच्या त्याच्या घरी असतात."

गावाच्या टोकाला रायाजी नावाचा एक म्हातारा शिपाई राहायचा. हंसा त्याच्या दारात गेली तेव्हा तो ओसरीवर पावटे सोलत बसला होता.

"काका, तुमचं चिलखत बघू का जरा?"

"बघ की. ते आता कोण बघतंय!" त्याने आतून चिलखत आणलं आणि दारातल्या उजेडात ठेवलं.

हंसा बघतच राहिली. चिलखत चमकत नव्हतंच. ते काळं होतं, ढगासारखं. चमक होती ती फक्त कडांवर, एखाद्या रेघेसारखी. डाव्या काखेखाली एक जागा मात्र आरशासारखी झाली होती.

"ही इथेच अशी का?"

"लगाम धरताना हात घासायचा. रोज घासायचा."

"आणि गळ्याशी तांबूस आहे ते?"

"घाम, पोरी. घामाने लोखंडही गंजतं."

छातीवर एक खोल पोचा होता. त्याच्या तळाशी काळोख साचल्यासारखा दिसत होता. हंसाने त्यावर बोट ठेवलं.

रायाजीने तिचं बोट हलकेच बाजूला केलं. मग म्हणाला, "तो माझा नाही. हे चिलखत माझ्या थोरल्या भावाचं. त्याच्यामागे मी घातलं."

पावट्यांची टोपली त्याने पुन्हा पुढे ओढली. अंगणातून धुक्याचा एक पदर सरकत गेला. हंसा बराच वेळ तिथे बसून राहिली, आणि उठली तेव्हा पावटे सोलून संपले होते.

घरी येऊन तिने सगळे शिपाई खरवडले. या वेळी पांढऱ्याऐवजी काजळीचा काळा हात दिला. कुंचला कथलाच्या रंगात बुडवून फडक्यावर पुसला, आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने नुसत्या कडांवरून फिरवला. जिथे हात घासला असेल तेवढंच घोटलं. सुईने बारीक पोचे पाडून त्यांत पातळ काजळीचं पाणी सोडलं. गळ्याशी गेरूचा एक ठिपका दिला.

आणि मग एक नवल घडलं. शिपाई एकमेकांसारखे दिसेनात. एकाचा खांदा घासलेला, तो ओझी वाहत असावा. एकाचे गुडघे झिजलेले. एकाच्या पाठीवर काहीच नाही, तो नवा असावा. हंसा रंगवत गेली तशी तिला झोपेत चालल्यासारखं वाटू लागलं. जणू ती एखाद्या तळावरून फिरते आहे, आणि तंबूंतून माणसं तिच्याकडे बघून ओळखीचं हसत आहेत.

दसरा जवळ आला तसे सेनापती काम बघायला आले. त्यांनी एक शिपाई हातात घेतला आणि चकित झाले.

"वा! अगदी लोखंड! पण हे पोचे कशाला? हा गंज कशाला?"

"खऱ्या चिलखताला असतात, सरकार."

"असतील. पण महाराजांना स्फुरण हवं आहे. पोचे बघून मन कच्चं होतं. पोचे बुजवा, गंज काढा. काम मनासारखं झालं तर तुम्हाला दरबारची चितारीण करू."

सेनापती गेल्यावर हंसाने एक शिपाई घेतला. पोचा बुजवला, गळ्याचा गेरू पुसला. रंग अजूनही लोखंडाचाच होता. पण आता तो एखाद्या कढईचा तुकडा वाटत होता. आतलं माणूस निघून गेलं होतं. हंसा दाराकडे बघत राहिली. दरबारची चितारीण झाली तर गळकं छप्पर नवं होईल, आणि पोचे ठेवले तर कदाचित गाव सोडावं लागेल. मग तिने कुंचला धुतला, आणि तो पोचा पुन्हा होता तसा केला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. हंसाने शिपाई वाळूवर मांडले. तेवढ्यात धुकं विरलं आणि पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन आत आलं. ते चिलखतांच्या कडांवरून पाण्यासारखं वाहू लागलं, आणि सगळं सैन्य श्वास घेतंय असा भास झाला. सेनापतींचा चेहरा उतरला. त्यांना पोचे दिसले होते.

"लोखंड!" राजा हळूच म्हणाला. त्याने हातात काठी घेतली. "आता बघा. पहिली रांग नदीत उतरेल. पलीकडून बाण येतील. पहिली रांग पडेल, तेवढ्या वेळात मागची रांग पार होईल."

त्याने काठीने पहिली रांग आडवी केली. एक शिपाई घरंगळत त्याच्या हाताशी आला. राजाने तो उचलून उन्हात धरला.

"याची उजवी बाजू का घासली आहे? बाकीच्यांची तर डावी आहे."

"डावखुरा असेल, महाराज," हंसा म्हणाली. "तलवार डाव्या हातात, म्हणून लगाम उजव्या हातात धरत असेल."

"कोण आहे हा?"

"ते मला ठाऊक नाही. पण असा कुणीतरी सैन्यात असेलच."

राजा सेनापतींकडे वळला. "आपल्या पहिल्या रांगेत डावखुरा कोण आहे?"

सेनापती गोंधळले. "महाराज, ते… चौकशी करावी लागेल."

"पहिल्या रांगेतल्या कुणाचंही नाव सांगा."

सेनापतींनी मान खाली घातली. मग राजाच्या लक्षात आलं, की त्यालाही एकाचंसुद्धा नाव सांगता येणार नाही. त्याने काठी खाली ठेवली. आडवा पडलेला एकेक शिपाई उचलून वाळूत उभा केला. घाई न करता, झोपलेल्याला जाग येऊ नये तसा.

"दसऱ्याला नदी ओलांडायची," तो शेवटी म्हणाला, "पण मी एकटाच ओलांडीन. शेजारच्या राजाशी बोलायला."

बोलणी सोपी झाली नाहीत. शेजारचा राजा हट्टी होता, आणि वरच्या एका चांगल्या कुरणावरचा हक्क सोडून द्यावा लागला. काही दरबारी कुजबुजले की महाराज घाबरले. पण खालचं कुरण दोघांत ठरलं, पावसाळ्यात यांची गुरं, हिवाळ्यात त्यांची.

परत आल्यावर राजा वेशीवर उभा राहिला आणि लढाईसाठी जमून आता घरी निघालेल्या एकेका शिपायाला थांबवून त्याचं नाव विचारू लागला. नाव कळलं की गाव, गाव कळलं की घरी कोण कोण असतं. संध्याकाळ झाली, धुकं उतरलं, तरी रांग संपेना आणि राजाही तिथून हलेना.

तात्पर्य: ज्यांना आपण संकटात पुढे करणार आहोत, त्यांच्याकडे आधी जवळ जाऊन नीट पाहावं.